बारांपैकी उरली दोन

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आमचा मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बाहेरगावी गेला होता. अंतर फार नव्हे, सत्तर किलोमीटर. पण शेवटचा सामना लांबला, परतीची एस. टी. चुकली आणि पुढे आमच्या गावची मुक्कामी गाडीही निघून गेली. रात्र मैत्रिणीच्या घरी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळची अर्थशास्त्राची ट्युटोरियल बुडाली ती बुडालीच. घरी पोचल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "तुला कॉलेजात शिकायला घातलंय का खेळायला?" आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे या प्रश्नाचे तयार उत्तर घरात कुणाकडे नव्हते, आणि माझ्याकडेही नव्हते. मी गप्प बसले.

पुढे त्याच महिन्यात मक्तेदारीचे प्रकरण शिकवताना सरांनी 1984 सालच्या एका अमेरिकन खटल्याचे उदाहरण दिले. तेथील महाविद्यालयांच्या फुटबॉल सामन्यांचे दूरदर्शनवरील प्रक्षेपण विकण्याचा हक्क कुणाचा, असा तो वाद होता. तास संपला, पण विषय डोक्यातून जाईना. मी ग्रंथालयात आणि मोबाइलवर मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आले की, माझ्या वडिलांनी जो प्रश्न मला आमच्या पडवीत विचारला, तोच प्रश्न तिकडे अब्जावधी डॉलर्सच्या उलाढालीत कुणीतरी विचारायला हवा होता. तो वेळेवर विचारला गेला नाही. म्हणून हा लेख.

प्रथम थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो नव्हे. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचे, डोक्यावर शिरस्त्राण. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत झाला असे मानतात. (त्या दिवशीचे नियम मात्र आजच्यापेक्षा फार वेगळे होते.) दोन्ही गावे एकमेकांपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. म्हणजे शेजारच्या गावाशी शर्यत लावावी तसा हा प्रकार. आज त्याचे रूप असे की, मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. आपल्याकडे सबंध तालुक्याची लोकसंख्या कधी कधी तेवढी नसते!

ही महाविद्यालये आठ-दहांच्या गटाने एकत्र आली. अशा गटाला तिकडे 'कॉन्फरन्स' म्हणतात. बिग टेन ही कॉन्फरन्स 1896 सालची, पॅसिफिक किनाऱ्यावरची 1915 सालची, दक्षिणेकडील एसईसी 1932 सालची. गटातल्या गटात सर्व खेळांचे सामने व्हायचे, आगगाडीने किंवा बसने जाऊन यायचे, आणि जे उत्पन्न होईल ते वाटून घ्यायचे.

मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण आमच्या गावात दूध संस्था होती. कुणी चाळीस लिटर दूध घाली, माझी आई चार लिटर घाली. पण टँकर सर्वांसाठी एकच येई. मोठ्यांच्या दुधावर टँकरचा खर्च निघे आणि त्याच टँकरमध्ये आमचे चार लिटरही जात. कॉन्फरन्स म्हणजे अशीच संस्था. फरक एवढाच की, दुधाचे पैसे ज्याला त्याला लिटरप्रमाणे मिळतात, तर तेथे बहुतेक ठिकाणी मोठा-लहान न पाहता वाटा सारखा ठेवण्याची रीत होती.

आता तो खटला. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची देशव्यापी संघटना. दूरदर्शनमुळे मैदाने ओस पडतील या भीतीने 1950 नंतरच्या काही वर्षांतच तिने प्रक्षेपण आपल्या हाती घेतले. किती सामने दाखवायचे, कोणता संघ किती वेळा दिसायचा, मोबदला किती, सारे तीच ठरवी. त्या वेळच्या नियमानुसार कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येऊ शकत नसे. न्यायालयाच्या निकालपत्रातच एक मासलेवाईक हकीकत आहे. 1981 साली एकाच आठवड्यात दोन सामने दाखवले गेले. एक ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया (यूएससी) या बलाढ्य संघांचा, दोनशेहून अधिक केंद्रांवरून. दुसरा सिटाडेल विरुद्ध अॅपलेशियन स्टेट या लहान संघांचा, अवघ्या चार केंद्रांवरून. चारही संघांना पैसे मिळाले ते मात्र सारखेच.

मोठ्यांना हे सलणारच. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला. 27 जून 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, एनसीएएचे हे नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. ते स्वतः तरुणपणी कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू. महाविद्यालयीन खेळांकडे निव्वळ नफ्याचा धंदा म्हणून पाहणे चूक आहे, असा त्यांच्या मताचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेलही. एका संघटनेने साऱ्या देशाच्या प्रेक्षकांना काय दिसावे हे ठरवू नये, हे मलाही पटते. पण व्हाइटसाहेबांना जे दिसले तेच पुढे घडले, हेही नाकारता येत नाही.

निकालानंतर जो तो आपापला माल विकायला मोकळा झाला. नोटर डेम विद्यापीठाने 1991 पासून एनबीसीशी स्वतंत्र व्यवहार केला. बाकीच्यांसाठी कॉन्फरन्स हीच विक्रेती बनली. आणि विक्रेता म्हटला की, माल वाढवण्याची इच्छा आलीच. बिग टेनने 2007 साली स्वतःची वाहिनी काढली. केबलचा हिशेब असा की, वाहिनी एकदा ठरलेल्या पॅकेजात घुसली की, घरातले कुणी सामना बघो वा न बघो, दर घरामागे दरमहा पैसे मिळतात. मग सभासद निवडताना कसोटी बदलली. त्याचा संघ कसा आहे, तो आपल्या जवळचा आहे का, यापेक्षा त्याच्या मुलखात केबलची घरे किती, हे पाहिले जाऊ लागले. 2014 साली मेरीलँड आणि रटगर्स बिग टेनमध्ये आले. रटगर्सच्या मागे न्यूयॉर्क शहराची वस्ती आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुढे केबल सोडणाऱ्यांची संख्या वाढली. सिनेमे, मालिका लोक सवडीने बघू लागले. जिवंत सामना मात्र त्या घटकेलाच बघावा लागतो, मधल्या जाहिरातींसकट. म्हणून सामन्यांचा भाव उतरण्याऐवजी चढला. 2021 च्या जुलैत टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी आपली जुनी कॉन्फरन्स सोडून एसईसीत जाण्याचे ठरवले. 2022 च्या 30 जूनला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी पॅसिफिक किनारा सोडून बिग टेनची वाट धरली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला. रक्कम सात अब्ज डॉलरहून अधिक. वर्षाला एक अब्जाच्या वर! वाचकांच्या लक्षात आले असेल, 1981 च्या त्या सामन्यातले ओक्लाहोमा आणि यूएससी हेच ते दोघे. चाळीस वर्षांनी दोघांनीही आपापली घरे सोडली.

आता उरलेल्यांची कथा. पॅसिफिक किनाऱ्याची कॉन्फरन्स पॅक-12 या नावाने ओळखली जाई, सभासद बारा. 2011 साली तिने ईएसपीएन व फॉक्सशी बारा वर्षांचा, सुमारे तीन अब्जांचा करार केला होता. त्या काळी तो विक्रमी गणला गेला. 2012 मध्ये तिने स्वतःच्या पूर्ण मालकीची वाहिनीही काढली. पण दूध गोळा करून पिशव्या भरल्या तरी त्या ठेवायला दुकानदार तयार हवा. ही वाहिनी पुरेशा घरांत कधी पोचलीच नाही. लॉस एंजेलिसचे दोघे निघाल्यावर नवा करार करताना ओढाताण सुरू झाली. 2023 च्या जुलैत कोलोराडो (न्यायमूर्ती व्हाइटांचेच विद्यापीठ!) बाहेर पडले. 4 ऑगस्टला एका दिवसात पाच गेले. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे. अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा हे बिग ट्वेल्व्हकडे. ओरेगन-वॉशिंग्टनला नव्या घरी सुरुवातीला पूर्ण वाटाही मिळणार नव्हता, तरी ते गेले. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) यांना एसीसीने घेतले. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स! पॅसिफिकच्या काठी राहायचे आणि अटलांटिकच्या काठचे म्हणवायचे. बिग टेनमध्येही आता दहाऐवजी अठरा सभासद आहेत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

बारांपैकी दोन उरली. वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. पहिले पुलमन या गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या लहान गावात, दुसरे कोर्व्हॅलिस या गावात. दोन्ही 'लँड ग्रँट' विद्यापीठे. 1862 साली लिंकनच्या सहीने जो मॉरिल कायदा झाला, त्यान्वये राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांसाठी शेतकी व यंत्रविद्येची महाविद्यालये निघाली. (ती जमीन पुष्कळशी तेथील मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हेही विसरता कामा नये.) बाहेर पडलेल्यांतही अशी विद्यापीठे आहेत, बर्कली त्यांपैकीच. तेव्हा जाणूनबुजून कुणी शेतकऱ्यांच्या मुलांना वगळले असे मी म्हणत नाही. बाजाराने फक्त गावाच्या आसपास दूरदर्शन बघणारी घरे मोजली. पुलमनमध्ये ती थोडी निघाली, इतकेच. पण घराण्यातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेली मुले कुठे भेटतील, तर अशाच ठिकाणी. म्हणून ही बातमी मला परक्या देशाची वाटली नाही.

आमच्या गावातही असेच झाले. एक खाजगी डेअरी आली. लिटरमागे दोन रुपये जास्त, आणि जास्त दूध असणाऱ्यांच्या थेट दारात गाडी. मोठे सभासद गेले. त्यांचे चुकले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दोन रुपये जास्त कुणाला नकोत? पण संस्थेचे संकलन घटले, टँकरचा खर्च निघेना, आणि तो गावात यायचा बंद होऊन तीन किलोमीटरवरच्या फाट्यापर्यंतच येऊ लागला. आई आता पहाटे किटली घेऊन फाट्यापर्यंत चालत जाते. दोन रुपयांच्या हिशेबात ही चाल कुठेच मांडलेली नाही.

उरलेल्या दोघांनी हातपाय गाळले नाहीत. कॉन्फरन्सचा पैसा व कारभार कुणाच्या हाती, यावर ते न्यायालयात गेले आणि 2023 च्या अखेरीस जिंकलेही. 2024 व 2025 असे दोन हंगाम दोघांचीच कॉन्फरन्स चालवली. 2026 पासून बोईसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरे नवे सभासद घेऊन ती पुन्हा उभी करायचे ठरवले. पण मधल्या काळाची किंमत कोणी मोजली? 2025 च्या जूनमध्ये वॉशिंग्टन स्टेटने मैदानी खेळांतले उड्या व फेकीचे प्रकार बंद केले आणि मुख्यतः लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर देण्याचे जाहीर केले. भालाफेक करणाऱ्या कुणा मुलीचा फुटबॉलच्या कराराशी काय संबंध होता?

आणि जे गेले त्यांचे तरी सगळे गोड झाले का? लॉस एंजेलिसपासून रटगर्स जवळजवळ चार हजार किलोमीटर. आपण शाळेत भूगोलात पाठ केले होते की, भारताची दक्षिणोत्तर लांबी 3,214 किलोमीटर आहे. म्हणजे कन्याकुमारीच्या कॉलेजने काश्मीरच्याही पलीकडे सामन्याला जावे तसे. शिवाय घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकच सामना खेळतो आणि खास विमानाने जातो. व्हॉलीबॉलच्या, सॉफ्टबॉलच्या मुलींना आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन सामने असतात. एका ट्युटोरियलसाठी माझा जीव खालीवर झाला. या मुलींच्या बुडालेल्या तासांची बेरीज कुणी करायची? 1869 साली जे रटगर्स पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या शेजाऱ्याशी खेळले, त्याच रटगर्सकडे 2024 च्या सप्टेंबरात सबंध खंड ओलांडून सिअॅटलचा संघ खेळायला आला, आणि तोही 'आपल्याच' कॉन्फरन्सचा सामना म्हणून!

आता दुसरी बाजू. ती न मांडणे अन्यायाचे होईल. मोठी विद्यापीठे म्हणतात, फुटबॉलचा पैसा आहे म्हणून पोहणे, कुस्ती, मुलींचे खेळ चालतात. हे खोटे नाही. यूसीएलएच्या क्रीडा विभागाला 2021 च्या आर्थिक वर्षात सहा कोटी डॉलरहून अधिक तूट आली होती. श्रीमंत स्टॅनफर्डनेही 2020 साली अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले होते, पुढल्या वर्षी ते मागे घेतले. तूट कुठून तरी भरून काढावीच लागते. दुसरे असे की, जुन्या 'समान वाट्या'च्या काळात ज्यांच्या घामावर हे सारे चाले त्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हते. महाविद्यालये आपसांत समता पाळत होती, खेळाडूंशी नव्हे. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरुद्ध निकाल दिला. आणि 2025 च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने महाविद्यालयांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, 2025-26 या वर्षासाठी प्रत्येकी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. हे मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्या कष्टावर करार होतो त्याला वाटा मिळालाच पाहिजे. जुने दिवस सोन्याचे होते असे म्हणणाऱ्यांत मी नाही.

माझे म्हणणे एवढेच की, फुटबॉल धंदा झाला असेल तर त्याने उघडपणे धंदा म्हणून वेगळे नांदावे. त्याने आपले संघ, आपले करार, आपली विमाने घेऊन देशभर हिंडावे. पण त्याच्या शेपटीला बांधून व्हॉलीबॉल, पोहणे, धावणे यांना फरफटत नेण्याचे कारण काय? ते खेळ जुन्या शेजारातच राहू द्यावेत, म्हणजे बसने जाऊन रात्री आपल्या खोलीत परतता येईल. हे अशक्य आहे असे म्हणता येत नाही. नोटर डेमचेच उदाहरण पाहा. 2013 पासून त्याचे बहुतेक खेळ एसीसीत आहेत आणि फुटबॉल मात्र स्वतंत्र आहे. जे एकाला जमते ते इतरांना का जमू नये? आणि फुटबॉलच्या पैशातून इतर खेळ चालतात असे म्हणता ना, मग तो पैसा मुलींना चार हजार किलोमीटर नेण्यात खर्च होण्याऐवजी खरोखरच त्या खेळांवर खर्च होईल.

कुणी म्हणेल, अमेरिकेच्या उठाठेवी आपल्याला कशाला? आपल्या सामन्यांना दूरदर्शन नाही, करार नाही, मैदानाला धड कुंपणही नाही. खरे आहे. पण आपल्याकडे जे आहे ते तिकडे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी होते. शेजारची कॉलेजे, एक चेंडू आणि जाण्यायेण्याची एक गाडी. ते कसे हातचे गेले हे समजून घेतले तर निदान आपण त्याची किंमत ओळखू.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येईल. कॉलेजात मला शिकायला घातले आहे, आणि खेळ हाही त्या शिकण्याचाच भाग आहे. मात्र खेळून वेळेवर घरी परतता आले आणि सकाळच्या तासाला बसता आले, तरच. जिमखाना समितीला आणि स्पर्धा भरवणाऱ्या सर्वच महाविद्यालयांना माझी एक नम्र विनंती आहे. यंदाचे वेळापत्रक आखताना मुलींचे सामने सकाळच्या सत्रात ठेवावेत आणि शेवटच्या एस. टी. ची वेळ आधी बघून मग सामन्याची वेळ लिहावी. याला पैसा लागत नाही. आमच्या संघातल्या सहाजणी तरी त्या गाडीवर अवलंबून आहेत.